नाजूक कातडीचं घराणं

सावत्र आईच्या बाबतीत लोकांना पुरावा लागत नाही. त्यात ती शहराची बस चालवणारी, दणकट हाताची आणि तीन गल्ल्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजाची असली, तर बघायलाच नको. आपल्या ड्रायव्हरबाई नेमक्या अशाच होत्या. चष्मे करणाऱ्या एका अबोल माणसाशी त्यांनी लग्न केलं, तेव्हा त्याची पोर पाच वर्षांची होती. पहिली बायको बाळंतपणातच गेलेली. पोरगी एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. दोघींचं आठवडाभरात असं मेतकूट जमलं की चष्मेवाला आपल्याच घरात पाहुण्यासारखा वावरू लागला.

पोरीच्या अंगावर काळेनिळे डाग पडत. पूर्वीही पडत, पण तेव्हा लोक म्हणायचे, खेळकर मूल आहे, पडते धडपडते. घरात सावत्र आई आली आणि तेच डाग लोकांना निराळे दिसू लागले. नडगीवरचे ठीक, तिथे कुठल्या मुलाला नसतात? पण हिला पाठीवर, दंडावर, एकदा तर कानामागेही डाग होता. कुठे लागलं म्हणून विचारलं, तर पोरगी खांदे उडवायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पेशी मोजल्या, सगळं उत्तम आहे म्हणाले.

हे उत्तमच ड्रायव्हरबाईंच्या मुळावर आलं. भिंगरीची मावशी, म्हणजे गेलेल्या आईची धाकटी बहीण, सरकारी कचेरीत होती. कधी आवाज न चढवणारी, पण शब्द असा टाकायची की समोरचा दिवसभर चोळत बसेल. रक्तात दोष नाही, म्हणजे डाग बाहेरून आलेत, एवढंच ती म्हणाली. पुढचं लोकांनी आपापलं जुळवून घेतलं.

बाई वरवर बिनधास्त होत्या. कर नाही त्याला डर कशाला, असं डेपोत ठणकावून सांगत. पण एका सकाळी पोरीला आंघोळ घालताना त्यांनी तिचा दंड धरला आणि पटकन सोडला. आपलाच हात जड पडत असेल का? मोठं चाक फिरवणारा हात, त्याला काय कळतंय? हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचा संताप आला. पोर हातची जाईल ही भीतीही वाटली.

आणि वेळही तशीच आली. पोहण्याच्या तासाला शिक्षिकेनं भिंगरीची पाठ पाहिली आणि शाळेतून बोलावणं आलं. यात शाळेची काही चूक नव्हती बरं का. मुलाच्या पाठीवर डाग दिसल्यावर जी शाळा गप्प बसते, ती कसली शाळा? मुख्याध्यापिकेच्या खोलीत चष्मेवाला बुटांकडे बघत बसला, मावशी ताठ बसली आणि आपल्या बाई मधल्या खुर्चीत, आरोपीसारख्या. मावशीनं मऊ आवाजात सुचवलं की खरंखोटं होईपर्यंत मुलीनं तिच्याकडे राहावं. मुख्याध्यापिकेला ते पटत चाललंय, हे दिसत होतं.

बाईंच्या जिभेवर दहा उत्तरं होती, सगळी तिखट. इतक्यात मावशीनं टेबलापलीकडचा पाण्याचा जग घ्यायला हात लांब केला आणि तिच्या कुडत्याची बाही वर सरकली. कोपराखाली तळहाताएवढा डाग होता, मध्ये हिरवट, कडेला जांभळा. बाईंनी तो पाहिला आणि सगळी तिखट उत्तरं गिळली.

"मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कोण मारतं हो?"

मावशीनं बाही खाली ओढली. भाजीची पिशवी अडकवली होती हातात, त्याचा वळ आहे, असं ती फणकाऱ्यानं म्हणाली. "आमच्या घराण्याची कातडीच नाजूक आहे. आईची होती, ताईचीही होती. तुम्हाला नाही कळायचं ते."

"खरंच नाही कळायचं," बाई म्हणाल्या. "पण भिंगरी कुणाच्या घराण्यातली?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. शेवटी मुख्याध्यापिकेनं पेनाला टोपण लावलं आणि मोठ्या दवाखान्यात मुलांच्या रक्ताच्या डॉक्टर आहेत, तिथे आधी जाऊन या, असं सांगितलं. बाईंनी एकच अट घातली. मावशीनंही यायचं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या निघाल्या. असे डाग तापानंतर पेशी घटल्या तरी पडतात, काही औषधांनी पडतात, क्वचित मोठ्या दुखण्यानं पडतात, कधी रक्त गोठायलाच वेळ लागतो म्हणून पडतात, आणि मारल्यानंही पडतात. सगळंच तपासणार, शेवटचंही. बाई म्हणाल्या, तेच आधी तपासा, म्हणजे पुढचं निवांत होईल. मग डॉक्टरीणबाईंनी घराण्याची माहिती विचारायला सुरुवात केली, आणि इथे आपल्या बाईंचं तोंड बंद झालं. त्या घराण्याचं रक्त त्यांच्यात कुठे होतं? उत्तरं देऊ शकणारी खोलीत एकटी मावशीच होती.

मावशी आधी तोऱ्यात सांगत होती. लहानपणी नाकातून रक्त यायचं, उशी भरायची. दाढ काढली तर दोन दिवस बोळे बदलत बसले. मग तिनं चष्मेवाल्याला पोरीसकट बाहेर पाठवलं आणि महिन्याच्या त्या दिवसांचं सांगितलं. सगळ्याच बायकांना इतकं जात असेल असं तिला वाटायचं, कारण घरात सगळ्यांचं तसंच होतं. आणि बहिणीचं? डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मावशीचा आवाज बारीक झाला. भिंगरीच्या वेळी ताईचं रक्त थांबलंच नाही, असं ती म्हणाली.

मावशीचं आणि भिंगरीचं रक्त घेतलं, ते दोनदा तपासलं. रक्त गोठायला लागणारा एक घटक दोघींच्यातही कमी निघाला. पेशी मोजून हे कळत नाही, त्याची तपासणी वेगळी असते. आजाराचं नाव एवढं लांब की बसच्या पाटीवर मावणार नाही. पण घाबरण्यासारखं नाही, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. दात काढताना, शस्त्रक्रियेआधी सांगायचं, डोक्याला मार बसला तर लगेच यायचं, दुखणं थांबवणारी गोळी मनानं द्यायची नाही. गरजेला औषधं आहेत. पोरीच्या अंगावर मारल्याची खूण एकही सापडली नाही, हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं. ताईचं मात्र आज खात्रीनं सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर मावशी बसून राहिली. बाईंनी टोमणे पाठ करून ठेवले होते, महिनाभर साठवलेले, एकेक असा की मावशीचा ताठा जागीच उतरावा. त्या शेजारी बसल्या.

"मी आजच शाळेत जाते," मावशी म्हणाली. "पोर तुझ्याकडेच राहील, मी सांगते त्यांना." पहिल्यांदाच ती 'तू' म्हणाली. "तू मला विचारलंस ना, तसं ताईला कुणीतरी विचारायला हवं होतं गं. एका अंथरुणात झोपायचो आम्ही. तिच्या अंगावरचे डाग मी रोज बघायचे आणि म्हणायचे, किती नाजूक आहे माझी ताई."

बाईंच्या पाठ केलेल्या टोमण्यांतला एकही तोंडाबाहेर आला नाही. त्यांना रडू फुटलं, आणि त्यांचं रडणंही आवाजासारखंच, अख्ख्या दवाखान्याला ऐकू गेलं.