गव्याची बदली

त्या दिवशी उकाड्यानं जीव नकोसा केला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. आभाळ असं दाटून खाली आलेलं, की दुकानाच्या पत्र्यावर कोपर टेकून बसेल असं वाटावं. रबराचा वास जागचा हलायला तयार नव्हता. अशा हवेत माणसांची डोकी लवकर तापतात, आणि जिथं हाताशी लोखंडी पहारी पडलेल्या असतात तिथं ते बरं नसतं.

मी त्या टायरच्या दुकानातला कीबोर्ड. काचेच्या केबिनमध्ये माझी जागा. अंगभर अक्षरं गोंदलेली, पण मला वाचता येत नाही. शाळेत कुणी घातलंच नाही. मालक टाइप करताना मोठ्यानं बोलायचा आणि पडद्यावरचंही मोठ्यानं वाचायचा, म्हणून जे काही कळलं ते कळलं. तेव्हा सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

दूरच्या एका कारखान्यात एका बाईनं माझी बटणं बसवली. एकेक दाबून बघितलं. फार हलका हात होता तिचा. तसा हात पुन्हा नशिबी आला नाही.

मालक टायरवाला. रुंद खांद्यांचा, बोटं एकेक पान्याएवढी. ग्रीसनं बरबटलेल्या बोटांनी तो मला बडवायचा. त्याच्याबरोबर चाकं काढायला-बसवायला त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. काटकुळा, तोंडाचा फटकळ. दिवसभर दोघं टायर उलथायचे, आणि गिऱ्हाईक नसलं की माझ्यासमोर येऊन बसायचे ते लीग खेळायला.

ही लीग म्हणजे इंटरनेटवर खेळायची बर्फावरची हॉकी. दोघांनी जन्मात बर्फ पाहिला तो सरबतातला. पण ह्या खेळात कुणी बर्फावर उतरतच नाही. जो तो आपला एक खेळाडू मनानं जन्माला घालतो. त्याला नाव द्यायचं, ताकद द्यायची. लीगनं दिलेली लिहायची कामं केली की गुण मिळतात, ते गुण त्याच्या अंगात भरायचे. मग कॉम्प्युटर आपला आपण सामने खेळवतो आणि कोण जिंकलं, कोण रक्तबंबाळ झालं ते लिहून देतो.

मालक एका संघाचा मॅनेजर होता, आणि त्याच संघात त्याचा स्वतःचा खेळाडू होता, गवा. चांगली काही वर्षं खपून त्यानं गव्याला वाढवलेलं. गव्याला गोल मारणं फारसं जमायचं नाही. त्याचं काम एकच, समोरच्याला मैदानाच्या कठड्यावर चिरडायचं.

"ऐक, ऐक!" मालक ओरडायचा. "गव्यानं सातव्या मिनिटाला बरगडी मोडली! स्ट्रेचर आणलं रे स्ट्रेचर!"

"भावोजी, गोल कुणी मारला ते वाचा की आधी," मेव्हणा म्हणायचा.

त्याचाही एक खेळाडू त्याच संघात होता. कोळी नावाचा गोलरक्षक. गव्याच्या दांडगाईपायी संघ अडचणीत आला की कोळी वाचवायचा. पण त्याचं नाव मालकाच्या तोंडी क्वचित यायचं.

संघ हरला की मूठ माझ्यावर पडायची. एकदा त्यानं मला भिंतीवर भिरकावलं, तेव्हा माझं कोपऱ्यातलं एक बटण गेलं ते गेलंच. मी काही धरून बसलो नाही. दिवसभर लोखंडाशी झटणाऱ्याला मऊ वस्तूचा अंदाज येत नाही, अशी मी समजूत घातली. माझी ही समजूत चुकीची होती.

मग नियम बदलला. आतापर्यंत मॅनेजरचा स्वतःचा खेळाडू आपोआप त्याच्याच संघात राहायचा. बाकीच्यांची कुरकुर होती, की हे लोक घरचा बैल घरातच बांधतात आणि वर बाहेरचेही निवडून घेतात. म्हणून लीगच्या समितीनं ठरवलं, की पुढच्या हंगामापासून मॅनेजरचा खेळाडू त्याच्या संघात चालणार नाही. तो सगळ्यांच्या निवडीत टाकायचा, ज्याला हवा तो उचलेल.

मालकानं हे वाचलं आणि हातातला कप काचेवर फेकला. केबिनची काच खालपासून वरपर्यंत तडकली. "माझा गवा दुसऱ्याच्या दावणीला? हात तोडून टाकीन एकेकाचे!"

"कुणाचे तोडता? तोंडं तरी पाहिलीत का त्यांची?" मेव्हणा हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "हे बघा, मॅनेजरकी सोडा. मी घेतो. तुम्ही साधे सभासद झालात, की गवा साध्या सभासदाचा खेळाडू. राहील इथंच."

"हे झकास!" मालकानं त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो माझ्यावर आदळला.

त्या आनंदात एक गोष्ट मालकाच्या ध्यानात आली नाही. मेव्हणा मॅनेजर झाला, की नियमाप्रमाणं त्याचा कोळी संघाबाहेर जाणार. मेव्हण्यानं स्वतःच्या हातानं कोळ्याला निवडीत टाकलं. ती बटणं दाबताना त्याची बोटं गार होती. मालक तिथंच बसला होता. तो म्हणाला, "आता गव्याला पुढच्या फळीत घे."

मी सुरुवातीला सांगितलेला उकाड्याचा दिवस त्यानंतरचा. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मालकानं संघाची नावं वाचायला घेतली. एकदा वाचली. पुन्हा वाचली.

"गवा कुठाय?"

मेव्हणा दारात हात पुसत होता. "दिला."

"दिला म्हणजे?"

"बदली केली. तीन तरणे खेळाडू मिळाले त्याच्या बदल्यात. गवा म्हातारा होत चाललाय भावोजी, दर हंगामाला ताकद उतरतेय. मॅनेजर म्हणून मला संघाचं बघायला नको?"

"तू मला शब्द दिला होतास!"

"आणि माझा कोळी गेला तेव्हा? एका शब्दानं विचारलंत? अरे वाईट झालं, एवढं तरी म्हणालात?"

मालकानं मला उचललं. वायर तटकन तुटली. मला वाटलं, भिंत. पण ह्या वेळी भिंत नव्हती.

पहिला घाव मेव्हण्याच्या कानावर बसला. माझी बटणं लाह्यांसारखी उडाली. दुसरा नाकावर. गरम रक्त माझ्या फटींमधून आत शिरलं. मेव्हण्यानं पहार उचलून मालकाच्या कोपरावर हाणली, हाड वाजलेलं मी ऐकलं. दोघं तडकलेल्या काचेवर कोसळले आणि काचेसकट बाहेर पडले. मालक मेव्हण्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि मला धड हातात धरून, माझ्या कडेनं, जबड्यावर मारत राहिला. माझी पाठ मोडली तेव्हाच त्याचा जबडाही मोडला. आवाज एकच झाला.

"अहो! माझा भाऊ आहे तो! सोडा!" मागच्या खोलीतून मालकीण धावत आली. तिनं पंक्चर बघायच्या टपातलं पाणी नवऱ्याच्या अंगावर ओतलं. तरी हात थांबेना. शेवटी शेजारच्या गाळ्यातला म्हातारा किल्लीवाला आला, त्यानं मागून कॉलर धरून मालकाला ओढलं.

मेव्हण्याला इस्पितळात नेलं. मालकीण त्याच्याबरोबर गेली, ती परत आली नाही. पोलीस येऊन गेले, मालकाकडं नुसतं बघून गेले. का, ते मालकाला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

आता तुम्हाला वाटेल, माणूस वरमला असेल. नाही हो. त्यानं मला काचांतून उचललं, चिकटपट्टी गुंडाळली, तुटलेली वायर जोडली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं मला बडवतोय. समितीला लिहितोय, नियम मागे घ्या, माझा गवा परत द्या. निम्मी अक्षरं माझ्या अंगावर उरली नाहीत, त्यामुळं काय उमटतंय देव जाणे. कुणी उत्तर दिलेलं नाही. मध्येच तो गव्याच्या नव्या संघाचा निकाल काढतो आणि रिकाम्या दुकानात मोठ्यानं वाचतो, "गव्यानं एकाचे दात पाडले." वाचतो आणि आजूबाजूला बघतो. गोल कुणी मारला, असं विचारायला कुणी नाही.

माझ्या फटींत त्याच्या मेव्हण्याचं रक्त वाळून बसलंय. बटण दाबलं की चिकटतं, वर यायला वेळ लावतं. मला बोलता आलं असतं, तर एवढंच म्हणालो असतो, बाबा रे, बोटं उचल आता. मला कचऱ्यात टाक. मी पुष्कळ मार खाल्ला, त्याचं काही नाही. पण मारायला वापरला गेलो, ते सोसत नाही.

मला बोलता येत नाही. पण आज सकाळी किल्लीवाला आला. फुटक्या केबिनमध्ये काचा चुकवत शिरला आणि मालकाचा हात माझ्यावरून उचलून बाजूला ठेवत म्हणाला,

"पोलिसांना तुझ्या मेव्हण्यानं सांगितलं, गाडीखालचा जॅक सटकला म्हणून. जबडा तारेनं आवळलाय, शब्द फुटत नाही, पण तेवढं मात्र हातवारे करून करून सांगितलं. तुझा गवा करील का रे एवढं तुझ्यासाठी? ऊठ. चपला घाल. मी दुकानाला कुलूप लावतो."