कोंडवाड्याच्या दारात वर आलेला हात

खोटं कशाला सांगू, हात आपोआप वर येत होते. मी विज्ञानाचा मास्तर. चष्मा पुसून पाहिलं, तरी येत होते.

गावाबाहेरच्या पडक्या देवळात पहाटेपासून रांग लागायची. देवळाला छप्पर नव्हतं, मूर्ती कधीच कुणी लांबवली होती. उरले होते दोन दगडी खांब, इतके जवळ की मध्ये एक माणूस जेमतेम मावावा. त्या दोन खांबांच्या जोरावर खांबवाले महाराज सुगीभर दूध-तुपात होते. रोग्यानं मध्ये उभं राहायचं, दोन्ही हात खाली सोडायचे, पंजांची मागची बाजू खांबांना टेकवायची आणि बाहेर रेटायचं. महाराज कानाशी ओरडत, "ढकल बेटा, संसार को ढकल. काम को ढकल, क्रोध को ढकल." मधूनच अगम्य मंत्र चाले. रोगी घामाघूम झाला की ते त्याला पुढे ओढून म्हणत, "अब छोड दे. अब उसकी मर्जी."

आणि रोग्याचे दोन्ही हात हळूहळू, कुणी दोरीनं ओढल्यासारखे, बाजूंनी वर येत. बाया हात जोडत. ज्यांचे हात ते स्वतःच त्यांच्याकडे परक्याची गुरं पाहावी तसे पाहत राहायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावाचं नाव सांगत नाही, उगाच शेजारची गावं स्वतःला शहाणी समजतील. वडनेर भोलजीला एस.टी.तून उतरून दोन कोस चालायचं, एवढं पुरे. ज्वारी हुरड्यात आली की आमच्याकडे गडीमाणसं पाखरं हाकायला दिवसभर शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवतात, त्यामुळे सुगीत निम्म्या गावाचे खांदे धरलेले असत. महाराजांनी नेमकं गाव निवडलं होतं. खांद्यात तीन दरवाजे असतात, वरचा ब्रह्माचा, मधला विष्णूचा, खालचा महेशाचा, आणि कोपरात शनी ठाण मांडून असतो, असं त्यांचं शरीरशास्त्र होतं. खांद्याला एक नारळ लागे, कोपराला दोन, कारण शनी एका नारळावर हलत नाही.

रंगराव राखणदाराचे हात असेच वर आले होते. बरा झालो म्हणून तो तसाच माळ्यावर चढला आणि त्यानं गोफण भिरकावली. तेव्हापासून त्याला सदऱ्यात हात घालायला बायको लागायची. महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली. रंगरावालाही ते पटलं. मग तो दर गुरुवारी कमी पडलेली श्रद्धा भरून काढायला नारळ घेऊन जाऊ लागला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण मध्ये सहदेव आला.

सहदेव हा हिंमतरावांचा एकुलता एक मुलगा. माळ्यावर गोफण फिरवून त्याचा हात असा तयार झाला होता की बुलढाण्याच्या जिल्हा स्पर्धेत त्यानं पहिल्यांदाच भाला हातात धरला आणि पहिला आला. नागपूरच्या राज्य स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. हिंमतरावांचा हिशेब सरळ होता, जितकं जास्त फेकेल तितकं लांब जाईल. पोरगा उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत भाला फेकू लागला. मग खांदा दुखू लागला, मग कोपर. महाराजांनी त्याला खांबांत उभं केलं, हात वर आले आणि घोषणा झाली की जत्रेच्या दिवशी सहदेव सगळ्यांसमोर भाला फेकेल आणि खांबांची महती जिल्हाभर होईल.

मी सहदेवला गुपचूप बुद्धवाड्यात गुलाबरावांच्या घरी नेलं. त्यांची मुलगी सिंधूताई नागपूरच्या मोठ्या इस्पितळात व्यायामोपचार शिकली होती. मोडलेली, आखडलेली माणसं व्यायामानं पुन्हा कामाला लावायची, हे तिचं काम. ती सुट्टीवर आली होती.

तिनं त्याचा हात वर, मागे, आडवा फिरवून पाहिला. मग त्याचं कोपर कमरेशी दाबून धरलं आणि म्हणाली, "आता पंजा बाहेर ढकल. माह्या हाताले हटव."

भालाफेकीतला पहिला गडी, त्याला तिचा हात हटवता येईना.

"कवा दुखते?"

"भाला सुटला का खांद्यात मागून कळ येते. अन् कोपराच्या आतल्या अंगाले."

"हात फेकनारे स्नायू तुह्ये बैलावानी हायेत," सिंधूताई म्हणाली. "पन फेकल्यावर हाताले थांबवनारे मागचे स्नायू थकून फाटाले आले. उतारावर बंडी सुटली अन् बैलायले गाडी रेटून धरता नाही आली, तं काय होते?"

"उलथते."

"मंग? खांदा साथ देत नाही म्हून तू कोपरानं झटका मारतं, म्हून तेबी दुखते. चार-पाच महिने भाला बंद. आता जोरानं फेकला तं हा हात जाईन. भाल्याचं सोड, नांगर धरता येनार नाही."

"पन नागपूर?"

"यंदा नाही."

सहदेव पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. मला त्याची फार दया आली आणि महाराजांचा त्याहून जास्त राग आला.

सिंधूताईनं त्याला पहिला व्यायाम दिला. भिंतीला बाजू करून उभं राहा, हात खाली सोड, पंजाची मागची बाजू भिंतीला लावून रेट. दुखेल इतकं नाही. सहदेवनं बराच वेळ रेटलं. "बस," ती म्हणाली. तो भिंतीपासून बाजूला झाला आणि त्याचा हात आपोआप वर यायला लागला.

सहदेवचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असावा. गुलाबरावांच्या भिंतीवर देवाचा साधा फोटोही नव्हता.

"काऊन भेला?" सिंधूताई सहज म्हणाली. "होते तसं. तू रेटत होता तवा डोकं त्या स्नायूले सांगत होतं, उचल, उचल. भिंत मधात होती म्हून हात उचलला नाही. आता भिंत गेली, पन स्नायू थोडा वेळ तेच काम करत राह्यते. झोका ढकलनं सोडलं तरी झुलतेच ना?"

"पन हे तं महाराजाचंच हाये."

"हाव, रेटनं बरोबरच हाये. थोडा वेळ दुखनंबी कमी वाटते. फरक येवढाच, महाराज म्हनते झालं, अन् मी म्हनते सुरू झालं."

आम्ही हिंमतरावांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या भिंतीतबी देवच असंन. देव कुठं नसते?" या वाक्यापुढे माझं सगळं विज्ञान थिटं पडलं.

जत्रेच्या सकाळी मी शाळेच्या दारातच प्रयोग मांडला. दाराची चौकट अरुंद होती. मी स्वतः उभा राहिलो, दोन्ही बाजूंना हात रेटले आणि मंत्राऐवजी एकोणतीसचा पाढा म्हणालो. पाढा संपला, मी पुढे आलो, हात वर आले. लोक जमले होते. मला वाटलं, पडला उजेड. तेवढ्यात सरपंच उकंडराव पुढे झाले, त्यांनी चौकटीवरून हात फिरवून कपाळाला लावला आणि म्हणाले, "हे लाकूड त्याच देवळाचं होय. माह्या आज्यानं शाळेले देल्लं होतं."

पुढच्या घटकेत माझ्या शाळेच्या उंबऱ्यावर तीन नारळ फुटले.

मी कपाळाला हात लावून बसलो. सिंधूताई मात्र हसली. "सरपंचसाहेब," ती म्हणाली, "मले गावातली अशी एक जागा दाखवा जिथं देव नाहीच."

इथून जो वाद पेटला, तसा आमच्या ग्रामपंचायतीत कधी झाला नव्हता. कुणी म्हणालं, पिठाची गिरणी. गिरणीवाला भडकला, रोज उदबत्ती लावतो म्हणाला. कुणी रेशनच्या दुकानाचं नाव काढलं, तर दुकानदारानं गणपतीची तसबीर बाहेर आणून दाखवली. ज्यानं त्यानं आपापला देव पुढे केला. शेवटी मागून रुक्मिणीबाईंचा आवाज आला. त्यांची म्हैस गेल्याच आठवड्यात पकडून नेली होती.

"कोंडवाड्यात नाही," त्या म्हणाल्या. "तिथं देव असता तं माही म्हैस उपाशी राह्यली नसती."

यावर गावाचं एकमत झालं. भटकी गुरं डांबायच्या त्या सरकारी कोंडवाड्यानं दंड भरायला लावला नाही असं एक घर नव्हतं. उकंडरावांनीही मान हलवली. सगळी जत्रा कोंडवाड्याकडे निघाली. देवळात महाराज एकटे उरले, म्हणून तेही मागून आले.

कोंडवाड्याच्या फाटकाला दोन दगडी खुंट होते, एका वेळी एकच जनावर जाईल इतके जवळ. आत एक गाढव डांबलेलं होतं.

"हिंमतराव, तुमीच उभे राहा," सिंधूताई म्हणाली. "अन् देवाचं नाव बिलकूल घेऊ नका, नाहीतं मंग पुन्हा तेच. कोंडवाडेवाल्याले शिव्या द्या."

हिंमतराव सभ्य माणूस. बायामाणसांसमोर संकोचले. पण एकदा तोंड उघडलं आणि बैल डांबल्याची जुनी आठवण आली, तसे खुंट हलतील इतक्या जोरानं ते रेटू लागले. त्या शिव्या इथं लिहिता येत नाहीत. गाढवानंही कान टवकारले. शिव्या संपल्या, हिंमतराव दोन पावलं पुढे आले आणि गाढवाला आशीर्वाद द्यावा तसे त्यांचे दोन्ही हात संथपणे वर गेले.

आधी बाया हसल्या, मग सगळे. हिंमतराव हसले नाहीत. ते आपल्या हातांकडे आणि मग सहदेवकडे पाहत राहिले.

महाराज पुढे सरसावले. त्यांच्या हातात भाला होता. "संशय पाप है. चल बेटा सहदेव, फेंक के दिखा दे."

सहदेवनं बापाकडे पाहिलं. खरं सांगतो, त्याला फेकायचंच होतं. नागपूर सोडायला त्याचं मन तयार नव्हतं. त्यानं हात पुढे केला.

मधल्यामध्ये हिंमतरावांनी भाला घेतला. "पोरगा फेकनार नाही, महाराज."

"श्रद्धा टूट गई तुम्हारी?"

"हाव. पन तिचं मी पाहून घेईन," हिंमतराव म्हणाले. "पोराचा खांदा मोडला तं तुमी म्हनसान श्रद्धा कमी पडली. मोडते दरवक्ती आमचंच. तुमचं कवा मोडलं?"

महाराज संसार ढकलण्याचा मंत्र पुटपुटू लागले. गर्दीतून रंगराव पुढे आला. न उठणारा हात छातीशी धरून तो महाराजांसमोर नुसता उभा राहिला, आणि लोकांचं हसणं थांबलं. दुपारच्या एस.टी.नं महाराज गेले. कुठल्या तरी गावात दोन खांब सापडले असतीलच.

सहदेव त्या वर्षी नागपूरला गेला नाही. खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून तो रोज ती बाहेर ओढत राहिला. सिंधूताई सुट्टी संपून गेल्यावर तिच्या सांगण्याप्रमाणे मी देखरेख केली. इतकं कंटाळवाणं काम मी जन्मात पाहिलं नाही. ते पाहायला एक माणूस जमला नाही, कुणी नारळ फोडला नाही. पुढच्या वर्षी तो नागपूरला गेला आणि तिसरा आला. गावाला जरा वाईट वाटलं. हिंमतरावांना नाही. ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "फेकल्यावर दुखलं तं नाही ना बे?"

रंगरावाचा हात मात्र पुरता परतला नाही. उशीर झाला होता.

तेव्हा वाचकहो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरातल्या एखाद्या अरुंद दारात उभे राहा, हात रेटा, तोंडानं काहीही म्हणा आणि पुढे या. हात वर येतील. ते पाहून हसा आणि पोरांना दाखवा. खांदा दुखतच राहिला, तर जो म्हणेल "लगेच बरा झालास", त्याच्याकडे पाठ फिरवा आणि जो म्हणेल "वेळ लागेल", त्याचं ऐका.