थर्झाबाईंच्या विस्तवावरची झाकणी

“आजही विझला! रोज पहाटे लोकांच्या दारात विस्तव मागायचा, आणि वर म्हणायचं, ‘आई, तुमच्या हाताला काय गुण आहे!’”

मित्रांनो, हे पुटपुटणारी हेस्टर. मागून आणलेले निखारे ती चुलीत ठेवते आहे, मला बाजूला सारून. मी इंग्लंडमधल्या ससेक्सच्या एका शेतकरी घरातली जुनी पितळी झाकणी आहे. आकार अर्ध्या घागरीचा, पाठीला एक कडी. रात्री निखारे चुलीच्या मागच्या भिंतीशी ओढायचे, वर राख पसरायची आणि मला ठेवायचं. घर पेटत नाही, सकाळी विस्तवही मिळतो.

माझं नाव तुम्ही ऐकलं आहे, पण भलत्याच ठिकाणी. फ्रेंच लोक ‘आग झाका’ म्हणत, त्याचं इंग्रजांच्या तोंडी झालं ‘कर्फ्यू’. मग विस्तव झाकायला सांगणाऱ्या संध्याकाळच्या घंटेला, मला आणि पुढे रस्ते ओस पाडणाऱ्या हुकुमालाही तेच नाव पडलं. तुम्हाला ते ऐकून पोलिसांच्या शिट्ट्या आठवतात. मी मात्र कुणाला कोंडलं नाही. दिवस मिटवायचा, एवढंच माझं काम. आता तेही होत नाही. कडा वाकल्या, घासून घासून पत्रा पातळ झाला.

या घरात विस्तव झाकते तीच घरधनीण. तो मान सासूचा, थर्झाबाईंचा. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी मला असं लख्ख घासलं होतं, की शेजारणी बघायला आल्या. आता त्यांचे हात कापतात. राख जास्त पडते, निखारे गुदमरतात. हेस्टरला ते ठाऊक, तिच्या नवऱ्याला, जोनासला ठाऊक, विस्तव देणाऱ्या शेजारणीलाही ठाऊक. बोलत कुणी नाही. बोललं तर म्हातारीचं या घरातलं शेवटचं काम जाणार.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढं सांगून मी थांबले असते. पण जपणारेही थकतात हो. त्यांच्याकडेही बघत जा.

त्याच दिवशी संध्याकाळी घंटा झाली. थर्झाबाई गुडघ्यांवर बसल्या. मला कडीला धरून उचललं, आणि तशाच राहिल्या.

“हेस्टर, इकडे ये. धर हिला.”

“का हो आई? पाठ दुखतेय का?”

“पाठ जन्मभर दुखतेय. धर म्हणते ना!”

“अगं आई,” जोनास घाईघाईने म्हणाला, “तुझ्यासारखं कुणाला जमणार आहे?”

“तू गप रे. पहाटे तू घोरत असतोस, मी जागी असते.” त्यांनी माझी कडी सुनेच्या मुठीत दिली. “माझ्या हातचा विस्तव रोज रात्री मरतो, पोरी. आजपासून तू झाक.”