तालमीतला घोट

आपल्या व्हिडिओवरून जाहा येणार आहे हे लुजैनला घरात सगळ्यात शेवटी कळलं; तेही कॉफीत घालायची वेलची कुटायला सांगितली म्हणून.

जाहा म्हणजे आसपासच्या गावांतले मानाचे म्हातारे झगे-बिगे चढवून एखाद्याच्या दारी मागणं घेऊन येतात ती. पुढारी कॉफीचा कप हातात घेतो, न पिता खाली ठेवतो आणि मागणं सांगतो. यजमान म्हणतो, "प्या, मिळालं." मग तो पितो. पाहुणा कॉफी न पिता उठला, तर यजमानाने गाव सोडलेलं बरं. लग्नाला जाहा येते, खुनाच्या भरपाईला येते. मिनिटभराचा व्हिडिओ पुसायला आलेली, अजलूनच्या त्या डोंगरात तरी, ही पहिलीच.

"मला फोन करायचा ना," लुजैन म्हणाली.

"तुला कसा करतील? विषय तुझाच आहे ना!" तिचे वडील अबू कुसई म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

व्हिडिओत गावातलं युवा केंद्र होतं. पाटीवर वाचनालय, संगणक कक्ष आणि ध्वनिमुद्रण कक्ष. दाराला गंजकं कुलूप. आणि खिडकीत, आतल्या बाजूने, उद्घाटनाचा कापडी फलक चघळत उभी असलेली बकरी. लुजैन एवढंच म्हणाली होती, "हा केंद्राचा सध्याचा एकमेव तरुण सभासद."

माध्यमांची पदवी घेऊन ती घरी बसली होती. तिचा पॉडकास्ट ती कपाटात, वडिलांच्या हिवाळी कोटांमध्ये बसून करायची. ऐकणारे विचारायचे, ताई, तुम्हाला कोणी ओलीस ठेवलंय का? तिला ती ध्वनिमुद्रणाची खोली हवी होती. व्हिडिओ पुसला की ती खोली जन्मभर बकरीची, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी जाहा आली. पुढारी शेख अबू मुतइब. त्यांच्याशेजारी केंद्राचे अध्यक्ष अबू नवाफ, ज्यांची अब्रू बकरीने खाल्ली होती. सोबत एक टीव्ही वाहिनीही आली होती. 'तरुणांचा आवाज' या कार्यक्रमाचा निवेदक वाएल, वय पंचावन्न, केस ताजे रंगवलेले.

"मी कुठे बसू?" लुजैनने त्याला विचारलं.

"आपण स्वयंपाकघरात. आम्ही आपला उल्लेख अत्यंत आदराने करणार आहोत."

दिवाणखान्यात तरुण म्हणावं असं काही असेल तर तो नवा सोफा होता. स्वयंपाकघराच्या दारातून लुजैन बघत होती. तिच्यामागे नौफा आत्या खजूर लावता लावता सगळं ऐकत होती. कॅमेरावाल्याने दिव्याची तार तिसऱ्यांदा जोडली. कप भरले गेले. शेख गालावर हात फिरवत आपली कुठली बाजू चांगली दिसते याचा अंदाज घेत होते. लुजैनच्या डोक्यात तिडीक गेली. तिने वाएलला खुणेने बोलावलं.

"काका, शेखसाहेबांचा घोट जवळून लागेल ना? शेवटी सगळे एकदम पितील, कुणाचंच तोंड धड दिसणार नाही. तो आधीच कॅमेऱ्यात घेऊन ठेवा. आम्हाला हे पहिल्या वर्षालाच शिकवतात."

'तरुणांचा आवाज' कार्यक्रम सुरू झाल्यापासून वाएलने तरुणाचं ऐकण्याची ही पहिलीच वेळ. तो परत गेला. "शेख, नुसती तालीम. एक घोट."

शेख प्याले.

"मिशी आडवी येते. पुन्हा एकदा."

शेखांनी मिशी बाजूला सारून कप संपवला आणि सत्तर वर्षांच्या सवयीने तो हलवून दाखवला: पुरे, आता नको.

सगळे त्या रिकाम्या कपाकडे बघू लागले.

"प्याला?" कोपऱ्यातून हाज धियाबांनी विचारलं. ते सगळ्यांत म्हातारे, त्यांना दिसायचं कमी.

"तालीम होती!" अबू नवाफ ओरडले.

"लग्नाला तालीम असते का? कॉफीला कुठून आली?"

"प्याला म्हणजे मिळालं!" आतून नौफा आत्या गरजली. "काय मागितलं होतं?"

"अजून मागितलंच नव्हतं!"

"मग न मागितलेलं मिळालं. मुबारक असो!" आणि तिने आनंदाचा लांब हाळीवजा स्वर काढला. वाहिनीच्या माणसाने तो टिपून घेतला.

कॅमेरा बंद होता, म्हणून घोट धरू नये, असं कुणी म्हणालं. कॅमेरा चालू होता, असं कॅमेरावाला म्हणाला. मग दुसरा कप भरा, अशी सूचना आली. इतका वेळ गालिच्याची नक्षी मोजत असलेले अबू कुसई एकदम ताठ झाले.

"दुसरा कप जरूर घ्या. पण तो पाहुणचाराचा, मागण्याचा नव्हे."

शेखांचा चेहरा लाल झाला. ते रागावले होते खरे, पण नियमाला पक्के होते: घोट गेला, म्हणजे आपलं मागणं संपलं. "पोरगी कुठाय? ये इकडे. तुला काय पाहिजे गं?"

हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच विचारला जात होता.

"किल्ली."

सगळ्यांनी अबू नवाफांकडे पाहिलं.

"माझ्याकडे कशी असेल? मी अध्यक्ष आहे."

"मग कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नव्हती. उद्घाटनाला फीत कापली, भाषणं झाली. आत कुणी गेलंच नाही. जेवण बाहेर तंबूत होतं."

"मग कुलूप लावलं कुणी?"

यावर गंभीर चर्चा झाली. एकाने सरकारचं नाव घेतलं, दुसऱ्याने चोरांचं. त्यातच खजूर संपले.

"बकरी कुठून जाते?" हाज धियाबांनी विचारलं.

मग सगळे झगे सावरत उठले आणि बघायला गेले. मागची एक खिडकी फुटलेली होती. शेखांनी ती स्वतःच्या काठीने ठोकून पाहिली आणि जाहीर केलं, "हा दरवाजाच आहे."

कार्यक्रम आठवड्याने लागला. संथ संगीत, शेखांची मिशी, घोट. खाली पट्टी: ज्येष्ठांच्या समजूतदारपणामुळे तरुणीने व्हिडिओ पुसला. व्हिडिओ होता तिथेच होता, पण पुसलाय म्हटल्यावर तो सगळ्यांना बघायचा होता. लुजैनच्या एका काकांनी तर तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'पुसायच्या आत बघा'.

लुजैनने हे सगळं मोबाइलवर पाहिलं ते ध्वनिमुद्रण कक्षात बसून, गुडघे खरचटलेले, शेजारी सभासद. आवाज आता स्वच्छ येत होता. फक्त कुणीतरी सारखं खात असतं, अशी ऐकणाऱ्यांची तक्रार होती.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. "पोरी, बकरीचा मालक माणसं जमवतोय. म्हणतो, मला न विचारता माझं जनावर चव्हाट्यावर आणलं. उद्या जाहा."

"कोण कोण येतंय?"

"तेच सगळे. शेख म्हणाले, या वेळी तालमीला हातही लावणार नाही."

लुजैनने डोळे मिटून घेतले. बकरीने माइकची वायर तोंडात धरली होती, ती तिने ओढून काढली.

"बाबा, उद्या कॉफी नको. चहा ठेवू. तो न पिता काय मागायचं, याचा नियम अजून कुणी केलेला नाही."