सातवी स्लाइड

अलीमियाँ परकारांचं दिवसभराचं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि वर तिकीट लावायला जागा उरली असती. सकाळी बहारीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या कोल्ड स्टोअरवाल्याला, म्हणजे वाण्याला, सलाम, मग मीना सलमान बंदरातल्या गोदामात दिवसभर ‘साइन हियर’ आणि ‘नेक्स्ट’, संध्याकाळी लिफ्टमध्ये कुणी भेटलंच तर ‘फिफ्थ फ्लोअर’. बायको, बानू, होती तोवर घरात रत्नागिरीकडची बोली नांदत होती. बानूचा आवाजही असा, की ती नवऱ्यावर चिडली की शेजारच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कुटुंबाला भाषा न येताही सगळं समजायचं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून अलीमियाँ त्या बोलीत फक्त विचार करत, आणि विचार काय, कुणाला ऐकू जात नाहीत.

मुलगा खिजर बायको-मुलीसह अदलियाला राहतो. गाडीनं बारा मिनिटं. पण बारा मिनिटांचा रस्ता कापायला माणसाला महिना कसा लागतो, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच कळेल. त्यात आता खिजरचं कॅनडाला कायमचं जायचं काम झालं होतं. नातीची, निदाची, परीक्षा संपली की तिघं जाणार होते. ‘अब्बा, तुम्हीपण चला,’ असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणालं असतं तरी ते गेले नसते, ही गोष्ट वेगळी. पण म्हणायला कुणाची जीभ झिजणार होती?

अशात गेल्या महिन्यात निदा आपणहून आली. पंधरा वर्षांची पोर, मराठी सगळी समजते पण उत्तर इंग्रजीतच देते. आजोबांना दादा म्हणते. शाळेत इतिहासाचा प्रकल्प होता: हुकूमशहा कसे वर आले आणि जग दुसऱ्या महायुद्धापर्यंत कसं जाऊन पोचलं. घराण्यातल्या कुणी त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलं असेल, तर त्याच्यावर एक स्लाइड करायची होती.

“दादा, डू वी हॅव एनीवन?”

होता की! अलीमियाँचा आजा, जमालुद्दीन. सन चौतीसमध्ये तो खलाशी होऊन इंग्रजांच्या मालाच्या जहाजावर चढला. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात त्याच्या कितीतरी खेपा झाल्या. तिथून त्यानं घरी तीन पत्रं पाठवली होती, जहाजावरच्या भंडाऱ्यानं, म्हणजे स्वयंपाक्यानं, लिहून दिलेली. एक्केचाळीसमध्ये जहाज बुडालं, त्याच्याबरोबर आजाही. पत्रं तेवढी राहिली, आणि ती अलीमियाँना तोंडपाठ होती.

ते दोन तास बोलले. तीन वर्षांचं साचलेलं बोलणं होतं ते. मध्येच त्यांना स्वतःचाच आवाज कुणा पाहुण्याचा वाटला. निदा फोनवर टिपून घेत होती. तिच्या एका कानात गाणं चालू आहे हे त्यांनी पाहिलं, पण तिकडे काणाडोळा केला. दुसरा कान तर आपला आहे, म्हणाले मनात. एवढ्यावर खूश होणाऱ्या माणसाला काय म्हणावं!

बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, निदानं त्यांना फोनवर सातवी स्लाइड पाठवली. जहाजाचं चित्र, खाली चार ओळी इंग्रजीत, त्यात एक शब्द मात्र इथला, बहारीनच्या रस्त्यावरचा. माझे खापरपणजोबा जमालुद्दीन १९३४ साली ‘खलास’ झाले. त्यांना हुकूमशहा पाहावे लागले नाहीत आणि युद्धही नाही. ही वॉज लकी. शेवटी लाल बदाम.

अलीमियाँनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पोरीनं ध चा मा केला होता. खलाशी झाला, असं ते म्हणाले होते. खलाशी म्हणजे काय, हे तिला माहीतच नव्हतं, आणि पुढची पत्रं कानातल्या गाण्यात बुडाली असावीत. खलास मात्र रोजचा. पाणी खलास, चार्जिंग खलास, क्लास खलास. तसा आजा खलास. सात वर्षं आधीच मारून टाकला बिचाऱ्याला, आणि वर नशीबवान ठरवला.

समोर वसईचा व्हिक्टर डबा खात बसला होता. वीस वर्षं दोघं एकाच गोदामात. भिंतीवरच्या टीव्हीत कुठल्याशा देशाचा पुढारी तहहयात गादीवर बसल्याची बातमी चालली होती. मैदान भरून माणसं टाळ्या वाजवत होती. व्हिक्टरनं रिमोट उचलून क्रिकेट लावलं.

“आपल्याला काय त्याचं?” तो म्हणाला. “तुझा चेहरा का उतरला रे?”

अलीमियाँनी फोन त्याच्यापुढे सरकवला. व्हिक्टर आधी पोटभर हसला, मग म्हणाला, “सांगू नकोस. पोरगी खूश आहे ना? मेलेल्या माणसाला चौतीस काय नि एक्केचाळीस काय. उगाच शहाणपणा करशील आणि ती पुन्हा यायची नाही.”

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं त्यानं. अलीमियाँना आजाची काळजी नव्हती, खरं सांगायचं तर. त्यांना धास्ती होती ती त्या दोन तासांची. निदा जायच्या आधी तसे आणखी दोन तास मिळतील, ही आशा ते महिनाभर जपत होते. चूक दाखवली तर ती रुसेल, आणि मग कॅनडा.

त्यांनी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मग खिजरला फोन लावला.

“अब्बा, सबमिट झालंय ते,” खिजर घाईत होता. “आता काही चेंज नको. उद्या अकराला शाळेत या, फोटो काढू. यल्ला, ठेवतो, मीटिंग हाय.”

“बरा,” अलीमियाँ म्हणाले आणि निदाला अंगठा पाठवून दिला. झालं. मूग गिळून बसायला काही शिकावं लागत नाही.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये ते दुसऱ्या रांगेत बसले. अंगात बानूनं निवडलेला शर्ट. निदा छान बोलली. लोक हुकूमशहाला आधी हसण्यावारी नेतात, मग घाबरतात, मग सवय होते, असं ती म्हणाली तेव्हा अलीमियाँची मान नकळत हलली. मग सातवी स्लाइड आली. “ही वॉज खलास,” निदा म्हणाली, हॉल खळखळून हसला आणि टाळ्या वाजल्या. खिजरनंही वाजवल्या.

तेवढ्यात निदाच्या इतिहासाच्या बाई, मल्याळी होत्या, माइक घेऊन पुढे आल्या. “निदाज ग्रँडफादर इज हियर! सर, अ फ्यू वर्ड्स?”

अलीमियाँ उठले. ‘थँक यू, व्हेरी गुड’ एवढं म्हणून खाली बसायचं, असं ठरवून उठले. पण पडद्यावर तो ‘लकी’ शब्द हातभर मोठा दिसत होता. असलं-नसलं इंग्रजी पळून गेलं. तोंडातून बोली बाहेर पडली.

“निदा, बाय, माझा आजा चौतीसला खलास नाय झाला. खलाशी झाला. जहाजावर चढला. त्यानं समदा बघितलान.”

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. खिजरनं मान खाली घातली. निदा लालबुंद झाली. बाईंनी तिलाच विचारलं, आजोबा काय म्हणतात ते सांगशील का? पोरीनं आधी पडद्याकडे पाहिलं. अलीमियाँना वाटलं, आता गेली ही, कायमची.

“आय मेड अ मिस्टेक,” ती माइकमध्ये म्हणाली. “खलाशी. इट मीन्स सेलर. ही वॉज अलाइव्ह.” मग त्यांच्याकडे बघून मान हलवली. बोला.

ते एकेक वाक्य बोलत गेले आणि ती एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. हॅम्बुर्गच्या धक्क्याजवळ एक पाववाला होता. यहुदी. तोही डुकराचं खायचा नाही, म्हणून आमचे खलाशी त्याच्याकडचाच पाव निर्धास्त खायचे. जमालुद्दीन दिसला की तो दुरून हात करायचा. हे पहिलं पत्र.

दुसऱ्या पत्रात त्याच्या दारात गणवेशातले दोघे उभे होते. आत कुणी जात नव्हतं. पाववाल्यानं आतून हात केला. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणाला, आपण परदेशी माणसं, आपल्याला काय त्याचं, चला.

तिसरं पत्र अडतीसच्या थंडीतलं. रस्ताभर यहुद्यांच्या फोडलेल्या दुकानांच्या काचांचा चुरा होता. दुकान होतं, पाटीवर दुसऱ्याचं नाव होतं. पाव होता, वास तोच येत होता. भंडारी म्हणाला, आता इथला खाऊ नका, आत काय घालत असतील सांगता येत नाही.

 अलीमियाँ थांबले. पत्र तिथंच संपत होतं. खाली सगळ्यांना सलाम लिहिला होता आणि पोराला शाळेत घाला, एवढंच.

निदानं माइक बाजूला धरला. ती जे बोलली ते हॉलसाठी नव्हतं, आणि इंग्रजीतही नव्हतं. शब्द एकेक करून, चाचपडत आले.

“दादा, मग… त्यांनी विचारला? तो माणूस कुठे गेला?”

साठ वर्षं अलीमियाँनी ती पत्रं पाठ म्हटली होती. हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आला नव्हता. त्यांच्या बापाच्याही आला नसावा. ते उभ्या उभ्या तिसरं पत्र मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून आले.

“नाय, बाय,” ते म्हणाले. “कुणी विचारला नाय. पाव दुसरीकडना घेतला.”

 निदा हॉलकडे वळली, माइक तोंडाशी नेला आणि तेही सांगून टाकलं.

“नो. नोबडी आस्क्ड. दे बॉट ब्रेड समवेअर एल्स.”