ओळंबामामांचा बिनसिमेंटचा उतार

"एका पायरीचा उतार. एका दुपारचं काम," ओळंबामामा म्हणाले, तेही समोरच्या घड्याळवाल्याला दुकानात बसून ऐकू जाईल अशा आवाजात. "चाळीस वर्षं भिंती बांधल्यात. एक जरी हलली असेल तर मिशी उतरवून ठेवतो."

मामांना मिशी नव्हती, पण कोणी ते बोलून दाखवलं नाही.

मामा आता कामावरून निवृत्त झालेले गवंडी होते. खिशात मात्र अजून ओळंबा असायचा, सुतळीला टांगलेलं ते पितळी वजन. डॉक्टरकडे गेले तर आधी डॉक्टरचं दार सरळ आहे का बघायचे आणि मग खोकायचे. म्हणून सगळी गल्ली त्यांना ओळंबामामा म्हणायची.

दोन वाजता वाळू आणि सिमेंट आलं. सव्वादोनला घरमालक आला. त्याने भाडेकरारातलं एक कलम मोठ्याने वाचून दाखवलं. दारापुढे सिमेंट नाही, खिळा नाही, खड्डा नाही. अडीच वाजता वाळू परत गेली. थोडी मामांच्या चपलेत राहिली.

आत चाकांच्या खुर्चीत मामी बसल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांचं शिवणाचं दुकान समोरच, गल्ली ओलांडून वीस पावलांवर, आणि तेव्हापासून बंद. कारण घराला एक पायरी. ती उतरायची तर मामांनी एकीकडून आणि सुनेने दुसरीकडून खुर्ची उचलायची. पहिल्याच वेळी त्यांना असं उतरवलं तेव्हा गल्लीतले सहा जण "सांभाळून, सांभाळून" म्हणत गोळा झाले होते.

"मी काय गव्हाचं पोतं आहे?" मामी तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि पुन्हा घराबाहेर पडल्या नव्हत्या.

आज वाळू परत जाताना बघून त्या म्हणाल्या, "अहो, ऐका. पुढच्या सोमवारी अकरा वाजता एक जण मशीन बघायला येणार आहे. मी स्वतःच्या हाताने चाकं फिरवत दुकानात गेले तर गेले. नाहीतर मशीन त्याचं."

"अगं, फळी टाकतो की."

फळी टाकली. खुर्चीत वजनाला तांदळाचा डबा ठेवून सोडून बघितली. डबा घड्याळवाल्याकडे पोचला, खुर्ची नाही पोचली.

संध्याकाळी सून कामावरून आली. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात डोकं चालवायचं काम तिच्याकडेच असे. तिने सगळं ऐकलं, पिशवीतून मूठभर रंगीत प्लास्टिकच्या विटा काढल्या आणि टेबलावर ओतल्या.

"ह्यांचा करू या उतार."

"ही पोरांची खेळणी आहेत."

"आमच्याकडे रोज लागतात, बाबा. साच्यात प्लास्टर ओतायचं तर भोवती चौकट हवी ना. प्रत्येकाचा जबडा वेगळा. मग ह्याच विटांची चौकट करते, हव्या त्या मापाची. काम झालं की मोडते. सिमेंट नाही, खिळा नाही."

"ठोकळा म्हण," मामा म्हणाले. "वीट म्हणू नकोस. विटेला मान असतो."

पण दुसऱ्या दिवशी सुनेने दारावर कागद चिकटवला: ठोकळे हवेत, उसने, मामींच्या उतारासाठी. आणि मग मामांना कळलं की आपण ज्या गल्लीत तीस वर्षं राहतो, ती गल्ली ठोकळ्यांवरच उभी आहे.

घड्याळवाल्याने आपला साचा आणला. मनगटी घड्याळाचं पोट उघडल्यावर ते हलू नये म्हणून त्याने ठोकळ्यांची चिमुकली खाट केली होती, प्रत्येक मापाच्या घड्याळाला वेगळी. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी ठोकळ्यांचं पाय टेकायचं स्टूल आणलं. शिकणाऱ्यांचे पाय खाली पोचेनात म्हणून त्यांनी ते बनवलं होतं, आणि पोर उंच झालं की त्या एकेक थर काढायच्या. पावभट्टीवाल्याच्या फडताळाचा मोडका पाय गेली नऊ वर्षं लाल-हिरव्या ठोकळ्यांचाच होता. त्याने तो काढून दिला, आणि स्वतः फडताळाखाली खांदा देऊन उभा राहिला, "लवकर काहीतरी आणा," म्हणत.

मामा प्रत्येक वस्तू हातात घ्यायचे, उलटी करायचे, परत सुलटी करायचे. त्या रात्री जेवताना मध्येच म्हणाले, "त्या घड्याळवाल्याने सांधे मोडलेत बरं का. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ दिलेला नाही. कोणी शिकवलं त्याला?"

"कोणी नाही," सून म्हणाली. "मोडून मोडून शिकला असेल."

मामांनी घास तसाच हातात धरला. त्यांना ते शिकायला दोन वर्षं आणि उस्तादाच्या चार थपडा लागल्या होत्या.

मंगळवारी चार पोती भरली. बुधवारी सून कामाला गेल्यावर मामांनी काम हातात घेतलं. गवंडी वीट भिजवल्याशिवाय लावत नाही. मामांनी मोठ्या घमेल्यात पाणी भरलं आणि एक पोतं त्यात रिकामं केलं.

ठोकळे तरंगायला लागले.

मामांनी ते हाताने खाली दाबले. दाबलेले खाली गेले आणि शेजारचे वर आले. चाळीस वर्षांत त्यांनी पोहणारी वीट बघितली नव्हती. खिडकीतून मामी म्हणाल्या, "अहो, त्यांना आंघोळ घालताय, तर कानामागे पण चोळा." दुपारभर ठोकळे चादरीवर वाळत पडले होते, आणि पियानोच्या बाई मुकाट्याने मदतीला येऊन पुसत बसल्या होत्या.

पण खरं बांधकाम सुरू झालं आणि मामा एकेक ठोकळा निरखायला लागले. वीटभट्टीने त्यांना जन्मात दोन सारख्या विटा दिल्या नव्हत्या. एक फुगीर, एक वाकडी, एक जळकी. गवंड्याचं अर्धं आयुष्य विटांच्या चुका वाळू-सिमेंटच्या मसाल्याखाली झाकण्यात जातं. इथे कोणाच्या तरी आजोबांनी लहानपणी खेळलेला पिवळा ठोकळा परवाच घेतलेल्या निळ्यावर टक् करून बसत होता. ना ठोकाठोकी, ना दमदाटी. मामांनी उताराच्या पोटात आडव्या-उभ्या भिंती घातल्या, खोल्या पाडल्या, म्हणजे वजन पेलेल आणि ठोकळे कमी लागतील. सुनेने रात्री येऊन त्या खोल्या बघितल्या आणि म्हणाली, "बाबा, हे मला सुचलं नसतं."

"ओळंबा लावून बघ," मामा म्हणाले.

तिने बघितलं. मग त्यांनी स्वतः तीनदा बघितलं. कुठेच फरक निघेना. दोष काढायला काही उरलं नाही तेव्हा मामांना जरा पोरकं वाटलं.

"वीट चांगली आहे," ते हळूच म्हणाले. सुनेने ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

शनिवारी उतार पुरा झाला. लांबीला दोन मीटर, वर चपट्या ठोकळ्यांची फरशी, असे काही रंग की लांबून कोणी रजईच वाळत घातली आहे असं वाटावं. येणारा-जाणारा थांबून बघायचा. घरमालकही आला, करार काढला, सातदा उलटापालटा केला आणि शेवटी म्हणाला, "ह्याच्याबद्दल ह्यात काहीच नाही." मग वाकून त्याने एक हिरवा ठोकळा बोटाने दाबून बघितला. त्याचा चेहरा सात वर्षांचा झाला होता.

"आता सात दिवस पाणी मारायचं," मामा म्हणाले.

"बाबा, प्लास्टिक आहे."

"माहीत आहे मला."

माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. बांधकाम नवं दिसलं की मामांचा हात पाण्याकडे जायचाच. रविवारी सकाळी घरात सगळे चहा पीत असताना मामांनी झारीने उतारावर झकास पाणी मारलं आणि ताकद बघायला म्हणून मामींच्या खुर्चीत स्वतः बसले. खुर्ची उतारावरून निघाली. पुढे काय झालं ते घड्याळवाला अजून सांगतो: त्याने मान वर केली तेव्हा मामा हात जोडून त्याच्या दुकानाच्या दारातून आत येत होते, बसल्या बसल्या.

लागलं फारसं नाही. टेबलाखालून त्यांना ओढून काढलं तेव्हा त्यांच्या हातात घड्याळवाल्याची खाट होती, त्याने नवीन केलेली, आणि ते तिच्या वरच्या बटणांवर अंगठा फिरवत होते.

"फरशी चुकली," मामा म्हणाले. "गुळगुळीत नको. दर वीतभर अंतराने एक ओळ उघडी ठेवायची, बटणं वर. चाक धरून राहील."

"ओळंबा, आधी उठ तरी," घड्याळवाला म्हणाला.

दुपारपर्यंत सासरा-सुनेने वरचा थर उचलून परत लावला. मामी खिडकीतून रंग सांगत होत्या. "तिथे निळा नको, दोन निळे लागोपाठ आलेत. डोळ्याला टोचतं." मामांनी निळा काढून पांढरा लावला. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाचं ऐकून वीट बदलली नव्हती.

सोमवारी पावणेअकराला मामी केस विंचरून, टेप गळ्यात टाकून खुर्चीत बसल्या. मामा मागून खुर्ची धरायला गेले.

"हात काढा."

मामांनी हात काढले आणि कुठे ठेवावेत ते न कळून डोक्यावर ठेवले. खुर्ची उंबऱ्यावर आली, पुढची चाकं खाली वळली. उघड्या बटणांवरून ट्रर्र, मग गप्प, मग पुन्हा ट्रर्र. मामी ना घाई करत होत्या ना थांबत होत्या. गल्ली दोन्ही बाजूंना उभी होती. कोणी "सांभाळून" म्हटलं नाही. चाकं रस्त्याला लागली तेव्हा पियानोच्या बाईंनी नाक शिंकरलं, आणि पावभट्टीवाला फडताळ सोडून आला असल्याने त्याच्या दुकानातून मोठा आवाज आला.

मशीन बघायला आलेला माणूस दुकानाशी उभा होता. मामींनी त्याला गल्लीच्या मध्यावरूनच सांगितलं, "विकायचं नाही. माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत." तो "बरं" म्हणाला आणि बाजूला झाला.

मामी दुकानापर्यंत पोचल्या. दुकानाच्या दारालाही एक पायरी होती, आणि ती आठवडाभर कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ती मामांनीच बांधली होती.