चार बोटं धागा

धागा वाया गेलेला शलाकाला बघवत नसे. ताटाबाहेर सांडलेला भात ती एक वेळ सोडून देईल, पण ओव्हरलॉक मशीनच्या पायाखालून निघालेली धाग्याची रिकामी वेणी कुणी ओढून फेकली, की तिचा जीव वरखाली होई. नवरा म्हणायचा, "धागा शेठचा, तुला कशाला दुखतंय?" त्याला काय कळणार? तो दिवसभर अंबरनाथच्या कंपनीत बटणं दाबतो.

बदलापूरच्या शिरगावात तिचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यातल्या खिडकीशी ही मशीन. मशीन शेठची. शेठचा कारखाना उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. शाळांच्या ट्रॅकपँटचे कापलेले तुकडे टेम्पोतून यायचे, सोबत धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, आणि बायकांनी घरी बसून कडा ओव्हरलॉक करून, म्हणजे उसवू नयेत अशा धाग्यानं गुंफून द्यायच्या. शिरगावात अशा नऊ मशिनी होत्या. नियम दोनच. कोनावर उरेल तो धागा बाईचा, त्याची विचारपूस कुणी करायची नाही. आणि लागोपाठ दोनदा माल खराब म्हणून परत आला, की शेठनं मशीन उचलून न्यायची.

शलाकाला हे काम शिकवलं सखूकाकूंनी. मागच्या गल्लीत, जुन्या कौलारू घरात राहणाऱ्या. गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घर. नवरा हरिचंद्र, त्याची कंपनी बंद पडल्यापासून ओट्यावर बसून असतो. घर चालायचं ते काकूंच्या मशिनीवर. शेजारणींच्या ब्लाउजच्या कडा मारायच्या, त्या उरलेल्या धाग्यातून. मशीन थांबली तर चूल थांबेल, इतका सरळ मामला होता.

काकूंची पद्धत जुनी. तुकडा संपला की मशीन रिकामी चालवायची, कापड ओढायचं, चार बोटं धागा सोडायचा आणि कापायचं. पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला पुन्हा चार बोटं. "शेपूट ठेवाचा गो शलाके, नाय तर टाका उसवतो," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं.

पण शलाका पडली चिकट. तिनं हळूहळू आपलं तंत्र बसवलं. एक तुकडा संपायच्या आत दुसऱ्याचं टोक त्याच्या मागे लावायचं, मशीनचा पाय उचलायचाच नाही. चाळीस तुकडे एका माळेत निघायचे, मध्ये जेमतेम दोन टाके. मग एका बैठकीत कटरनं टचाटच वेगळे करायचे. कोन बदलताना जुन्या धाग्याला नवा गाठ मारून ओढून घ्यायचा, म्हणजे सगळी मशीन पुन्हा ओवायला नको. आठवड्याचा कचरा एका मुठीत मावायला लागला. कपाटावर उरलेल्या कोनांची रांग लागली, आणि ती बघताना शलाकाला जो आनंद व्हायचा तो सोन्याच्या दुकानातही झाला नसता.

मंगळवारी माल न्यायला आलेल्या दिपेशनं ती रांग पाहिली. दिपेश शेठचा माणूस, तोंडानं गोड.

"ताई, हे एवढे कोन? सगळ्या बायका कम पडतो कम पडतो करून बोंबलतात, आणि तुमच्याकडे दुकान लागलंय!"

आता इथं गप्प बसायचं की नाही? पण कौतुकाला भुकेलेल्या माणसाला गप्प बसणं जिवावर येतं. शलाकानं बसल्या बसल्या दहा तुकडे चालवून दाखवले. दिपेश म्हणाला, "एक नंबर! शेठला दाखवायला पाहिजे. व्हिडिओ काढू का?"

"थांबा, साडी बदलते," शलाका म्हणाली.

जांभळी साडी नेसून ती मशीनला बसली. आपण एवढ्या झरझर बोलू शकतो हे तिचं तिलाच नवीन होतं. माळ कशी काढायची, गाठ कुठं मारायची, सगळं सांगितलं. मग दिपेश म्हणाला, "पहले कसं करायचे ते पण दाखवा ना." तेव्हा तिनं मान वाकडी केली, डोळे बारीक केले, तुकडा लांबवर ओढला आणि काकूंच्या आवाजात म्हणाली, "शेपूट ठेवाचा गो शलाके!" दिपेश खदखदून हसला. तीही हसली. "काही जणी अजून असंच करतात," असं वर म्हणाली. हे शेवटचं वाक्य कुणी तिच्याकडे मागितलं नव्हतं.

गुरुवारी तो व्हिडिओ बायकांच्या ग्रुपवर आला. खाली दिपेशनं लिहिलं होतं: शलाकाताईंसारखं काम करा. उद्यापासून प्रत्येक गठ्ठ्याला धागा निम्मा मिळेल. जास्त लागला तर ज्यानं त्यानं बघायचं.

शलाकानं तो मेसेज तीनदा वाचला. आधी आपलं नाव वाचून बरं वाटलं, मग खालची ओळ कळली आणि तिनं मोबाइल पालथा ठेवला.

शेजारची भावना दारातूनच ओरडली, "पाठ तुझी थोपटली शेठनं, आणि लाथ बसली आमच्या पोटावर! तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"मला काय माहीत ते असं करतील?"

"मग साडी कशाला बदललीस?" भावना म्हणाली आणि निघून गेली.

भावना तरणी होती, शिव्या देत का होईना, आठ दिवसांत माळ काढायला शिकली. बाकीच्याही शिकल्या. राहिल्या सखूकाकू.

शलाका त्यांच्याकडे जायचं चार दिवस टाळत होती. पाचव्या दिवशी गेली. काकू मशीनवर बसलेल्या आणि शेजारी हरिचंद्रकाका मोबाइल उभा धरून. मोबाइलवर शलाकाच बोलत होती.

"ये गो, बरी आलीस," काकू म्हणाल्या. "हितं जरा हलू बोलली असतीस तर समजला असता. मी परत परत लावते, पन तू फुडं पलतेस."

एवढ्यात व्हिडिओतली शलाका मान वाकडी करून म्हणाली, "शेपूट ठेवाचा गो शलाके!" काकांनी घाईघाईनं मोबाइल खाली घेतला.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "जशी मी बोलते तशीच बोलली ती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शलाकाला सोसला असता. लाजेनं तिला कुठं बघावं कळेना.

ती दुपारभर तिथं बसून शिकवत राहिली. पण दुसऱ्या तुकड्याचं टोक पहिल्याच्या मागे नेमकं कुठं लावायचं, ते काकूंना दिसतच नव्हतं. एकदा मध्ये वीतभर जागा राहिली. एकदा तुकड्यावर तुकडा चढला आणि मशीनच्या पातीनं चांगलं कापड कापून टाकलं. काकूंनी तो तुकडा हातात घेऊन चाचपला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मना नाय जमनार. मी आपली माज्या परीनं करते."

घरी येऊन शलाकानं दिपेशला फोन लावला. "सखूकाकूंना पहिल्यासारखा धागा द्या. त्यांचं वय झालंय."

"ताई, शेठ सगळीकडे तुमचं नाव घेतोय," दिपेश म्हणाला. "तुम्हाला अजून एक मशीन द्यायचं चाललंय. आता तुम्हीच उलटं बोलायला लागल्या तर मी काय सांगू त्याला?"

इथं शलाकाला अडून बसता आलं असतं. आपल्या कपाटावरचे कोन उचलून मागच्या गल्लीत नेऊन देता आले असते. तेही सुचलं होतं. पण नवी मशीन आली तर ते कोन लागतील, हे त्याच्या आधी सुचलं. "बरं, बघा जमलं तर," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

काकूंचा धागा गठ्ठ्याच्या मध्यावरच संपला. त्यांनी बाजारातून कोन आणला आणि काम पुरं केलं. पँटी होत्या गडद निळ्या, आणि काकूंनी आणला होता काळा. ट्यूबलाइटखाली त्यांना दोन्ही सारखेच दिसले. माल परत आला. पुढच्या गठ्ठ्याला दुकानदारानं दिलेला धागा फिका निघाला. तोही परत आला.

शुक्रवारी टेम्पोतून एक मशीन उतरली आणि दिपेशनं ती शलाकाच्या दारात आणून ठेवली. "घ्या ताई, तुमची दुसरी."

कुणाची हे तिनं विचारलं नाही. त्याच मशीनवर ती शिकली होती. "कुठं ठेवू?" त्यानं विचारलं, तेव्हा तिनं पलंग सरकवून जागा करून दिली.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, दारात सखूकाकू. हातात छोटी कातर, पदरानं पुसत होत्या. आत आल्या, आपल्या जुन्या मशीनकडे एकदा बघितलं आणि मशीनकडे पाठ करून बसल्या.

"शलाके, आता दोन दोन मशिनी झाल्या तुज्या. शेपटाचे धागे कातराला बाय लागंल ना तुला? भावनाच्या मावशीकडं हाय तशी. कातर चालवाला डोले लागत नाय फारसं, हातानं समजतं. मना ठेव. तू देशील तां दे."

शलाकाला 'नको' म्हणवेना. तिनं सकाळचाच गठ्ठा काढून काकूंच्या मांडीवर दिला आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. आधण उकळून गेलं तरी तिथंच उभी राहिली.

बाहेर आली तर काकूंच्या मांडीवर पाचवी पँट होती. कातर अजून चाललीच नव्हती. त्या शिवणीवरून बोट फिरवत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पँट उलटून पुन्हा. खिडकीशी सरकून उजेडात धरली. चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला.

"धागे कुठं हायत गो?" त्या म्हणाल्या. "मना एक पन सापडत नाय. बोटाला पन लागत नाय. माजे डोले पार गेले वाटतं."

शलाकानं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला. धागे नाहीतच, माझ्या कामात ते उरत नाहीत, एवढंच सांगायचं होतं.

"असू दे काकू," ती म्हणाली. "एकदा डोळे दाखवून घ्या."